विजेचे मोल

कळ दाबताच दिवा लागतो, म्हणून वीज सहज मिळते असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तिचे मोल कोणी ना कोणी मोजलेलेच असते. सातारा जिल्ह्यात कोयनेवर धरण झाले, शिवसागराचे पाणी चढले आणि त्याखाली कित्येक गावांची शेते, घरे व देवळे गेली. ते लोक परक्या मुलखात जाऊन राहिले, म्हणून पोफळीच्या वीजगृहात वीज निर्माण होते. चंद्रपूरची वीज दगडी कोळसा जाळून मिळते. तिचा धूर तेथील रहिवाशांच्या छातीत जातो. तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले. अणुभट्टीला धूर नाही, रात्रंदिवस ती वीज देऊ शकते. परंतु तिचा किरणोत्सर्गी कचरा हजारो वर्षे सांभाळावा लागतो. सूर्य आणि वारा यांचा मार्ग त्या मानाने निर्मळ खरा. पण सूर्य मावळतो, वाराही आपल्या लहरीने वाहतो.

तेव्हा नव्या केंद्राची मागणी करण्यापूर्वी आपल्या घराकडे पाहणे उचित होय. ६० वॅटचा जुना दिवा रोज ५ तास जळाला, तर महिन्यास ९ युनिट वीज खर्च होते. जवळजवळ तेवढाच उजेड देणाऱ्या ९ वॅटच्या एलईडी दिव्यास दीड युनिटही लागत नाही. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा तर कोणालाच वारा घालीत नाही! मात्र ज्या पाड्यावरील घरात एकच दिवा मिणमिणतो, तेथे काटकसरीचा उपदेश नेणे अन्यायाचे होईल. तो हवा चार खोल्यांत चार दिवे जळत ठेवून ओसरीवर गप्पा मारणाऱ्यांना.