विदेशी पाकट मासा व आमचीं तळीं

नागपुरांत व आसपासच्या गांवांतील सुखवस्तु घरांत कांचेच्या टांकींत शोभेचे मासे बाळगण्याचा छंद अलीकडे बराच दिसूं लागला आहे. छंद म्हणून त्यास आमचा विरोध नाहीं. परंतु त्याच्या शेवटाकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, आणि तो शेवट कधीं कधीं आपल्या तळ्यांत होतो. म्हणून शेतकरी वाचकांपुढें दोन शब्द मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

दक्षिण अमेरिकेच्या नद्यांतील गोड्या पाण्याचा पाकट मासा हें याचें उत्तम उदाहरण होय. दुकानांत तो बशीएवढा व देखणा दिसतो. पण त्याच्या कांहीं जातींचा चकतीसारखा देह पुढें अर्ध्या मीटरहून रुंद होतो. शेपटीवर विषारी कांटा असतो, आणि मादी अंडीं न घालतां जिवंत पिल्लें देते. टांकी अपुरी पडली कीं मालकाची पंचाईत होते. मग एखादा रात्रीं बादली उचलून तलावाची वाट धरतो, आणि जीव वांचविल्याचें पुण्य पदरीं पडलें असें समजतो.

हें पुण्य नव्हे. शेजाऱ्याच्या बांधावर टाकलेलें तण होय. अंबाझरीचें पाणी सांडव्यावरून नाग नदींत, तेथून कन्हानेंत व पुढें वैनगंगेंत जातें. 23 सप्टेंबर 2023 रोजीं तो तलाव भरून वाहिला व शहरांत पूर आला, हें कोणी विसरलें नसेल. पाण्याबरोबर मासाहि वाहतो. भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलावांवर ढीवर बांधवांचा संसार चालतो. मासे व शिंगाडे काढण्यास ते पाण्यांत उतरतात. तळाशीं दडून बसणाऱ्या कांट्यावर त्यांचा पाय पडावा काय?

आपल्या तळ्यांत पाकट रुजला आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण सिंगापुरांतील जलाशयांत सोडलेल्या पाकटांची वीण वाढल्याची नोंद आहे. 2023 सालीं भोपाळच्या मोठ्या तलावांत मगरीसारख्या तोंडाचा अमेरिकन मासा सांपडला. उजनींत सकर मासा जाळ्यांत येतो. जलपर्णीहि प्रथम फुलांच्या शोभेसाठींच या देशांत आली होती.

तर मग मालकानें करावें काय? बैल थकला म्हणून जाणता शेतकरी त्यास रानांत हांकलून देत नाहीं; तोच न्याय येथें लावावा. मासा दुसऱ्या जाणत्या छंदी माणसाच्या हवालीं करावा. पण घेणाऱ्याची टांकी किती मोठी, गाळणी कशी, हें आधीं डोळ्यांनीं पाहावें. नर व मादी एकत्र देऊं नयेत, नाहीं तर तीच अडचण दुप्पट होऊन उभी राहते. नेण्यापूर्वीं एक-दोन दिवस चारा बंद ठेवावा, कांट्यावर रबरी नळीचें टोपण बसवावें, प्राणवायु भरलेल्या दुहेरी पिशवींत घालावा, आणि वैशाखांत तर रात्रींच प्रवास करावा. वन्यजीव संरक्षण कायद्यांत 2022 सालीं झालेल्या दुरुस्तीनें कांहीं परदेशी प्राण्यांची नोंद आवश्यक केली आहे. आपली जात त्या यादींत आहे कीं नाहीं हें देण्यापूर्वीं तपासावें. शंका असल्यास तेलंगखेडीच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयांत विचारावें.

घेणारा लगेच मिळत नाहीं, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच आमची सूचना अशी कीं, प्रत्येक गांवच्या सोसायटीनें देणाऱ्या-घेणाऱ्यांची एक वही ठेवावी, आणि तलावाचा ठेका देतांना परका मासा न सोडण्याची अट लिहून घ्यावी. यास खर्च वहीच्या किंमतीहून अधिक नाहीं. आणि मुलानें असा मासा मागितला तर बापानें आधीं एकच प्रश्न विचारावा: हा मोठा झाल्यावर ठेवणार कोठें? उत्तर नसेल, तर मासा दुकानांतच राहूं द्यावा.