झाडावर कोण राहत होतं?

"आमचे पूर्वज वेद रचत होते तेव्हा हे गोरे झाडावर राहत होते!" हे वाक्य मला दर महिन्याला कुठून ना कुठून येतंच. पूर्वी ढकलपत्रांतून यायचं, आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. मजकूर तोच, खालचं फुलांचं चित्र तेवढं बदलतं. पाठवणारे सगळे शिकले-सवरलेले, बरेचसे माझ्यासारखेच इंजिनिअर. इथे इंग्लंडात बसून ते वाचताना आधी गंमत वाटायची, आता वैताग येतो. कारण ते झाड नेमकं कुठे होतं, हे यांच्यापैकी एकानेही कधी विचारलेलं नाही.

तर मंडळी, नैर्ऋत्य इंग्लंडात, डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचं उजाड माळरान आहे. कॉनन डॉईलची 'बास्करव्हिल्सचा शिकारी कुत्रा' ही कथा घडते तेच. त्यात होम्स दगडी झोपडीत लपून राहतो, आठवतंय? त्या झोपड्या खऱ्या आहेत. त्यांची दगडी वर्तुळं या माळावर हजारोंनी विखुरली आहेत. सर्वांत प्रसिद्ध वस्ती ग्रिम्सपाउंड, म्हणजे शब्दशः 'ग्रिमचा कोंडवाडा'. भोवती ग्रॅनाइटच्या दगडांची जाडजूड गोल भिंत, आत चोवीस झोपड्यांची जोती, कडेने वाहणारा एक ओढा. १८९४ साली इथे उत्खनन झालं तेव्हा चुली सापडल्या, झोपायचे दगडी कट्टे सापडले. एका झोपडीच्या दाराला तर वारा आत शिरू नये म्हणून वळणदार आडोसा केलेला आहे. काळ इसवी सनापूर्वी साधारण १३००. तिकीट नाही, कुंपण नाही, मेंढ्या चरत असतात.

पण मला थक्क केलं ते झोपड्यांनी नव्हे, बांधांनी. माळावर मैलोगणती दगडी बांधांच्या रेघा आहेत, इथले लोक त्यांना 'रीव्ह' म्हणतात. बरेच दिवस अभ्यासकांनीही त्यांना फारसं मोजलं नव्हतं. १९७०च्या दशकात अँड्र्यू फ्लेमिंग यांनी चिकाटीने माळ पालथा घातला आणि दाखवून दिलं की ही कांस्ययुगातली शेतं आहेत, साडेतीन हजार वर्षांपूर्वी आखलेली. आणि आखणी कशी? एकमेकांना समांतर! मध्ये दरी आली, टेकडी आली तरी रेघ आपली दिशा सोडत नाही. ज्यांनी कॉलेजात सर्व्हे कॅम्प केलाय त्यांना कळेल मी काय म्हणतोय ते. दोन टोकं एकमेकांना दिसत नसताना मधल्या टेकडीवरून सरळ रेघ न्यायची म्हणजे काठ्या रोवून माणसं पुढेमागे सरकवावी लागतात, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांचं एकमत लागतं. थिओडोलाइट नाही, तलाठी नाही, आणि राजवाड्याचा तर तिथे मागमूसही नाही. बांधावरून भावाभावांत कोयते निघणाऱ्या मुलखातून आलेल्या माणसाने यावर जरा विचार करावा.

आता आपल्याकडे या. त्याच काळात महाराष्ट्रात काय होतं? शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं तिथे खोदलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० ही त्या गावाची वस्ती. शंभराहून अधिक घरं, कुडाच्या भिंती, कणगीचे ओटे, मुख्य पीक जव, पुराचं पाणी वळवायला खोदलेला पाट. लहान मुलं दगावली की त्यांना रांजणात घालून घरातच जमिनीखाली पुरत. मोठ्यांना पुरताना पावलं तोडत. आणि ऐका, सुरुवातीच्या काळात तिथली घरं चौकोनी आणि ऐसपैस होती, पण इसवी सनापूर्वी १०००च्या पुढे लोक लहान गोल झोपड्यांत राहू लागले. ढवळीकरांच्या मते कारण दुष्काळ. डार्टमूरची शेतंही साधारण त्याच सुमारास ओस पडत गेली. तिथे हवा गार आणि ओली झाली म्हणून, असं मानतात. एकाला पावसाने उठवलं, दुसऱ्याला पाऊस न पडल्याने!

म्हणजे 'ते झाडावर' होते तेव्हा घोडेच्या काठचा माणूसही मातीच्या घरात चूल पेटवून बसला होता. सिंधूची शहरं तोवर मोडली होती. आणि पूर्वज कुणाचे? इंग्रजी भाषा त्या बेटावर आली ती त्यानंतर दीडेक हजार वर्षांनी. मराठीचाही तेव्हा पत्ता नव्हता. ही फुकटची मालकी कशाला?

कुणी म्हणेल, इंग्रजांचं कौतुक पुरे. कौतुक नाहीच. यांच्याच शेतकऱ्यांनी आणि रस्ते बांधणाऱ्यांनी या झोपड्यांचे दगड बिनदिक्कत पळवले. यांच्याच पंडितांनी जिथे तिथे ड्रुइड पुजारी पाहिले. १८९४च्या मंडळींनी ग्रिम्सपाउंडच्या भिंतीचे काही भाग स्वतःच्या मनाने पुन्हा रचले आणि शिव्या खाल्ल्या. पण शेवटी त्यांना कळलं की बिननावाच्या शेतकऱ्याचा बांध हाही इतिहासच असतो.

आपल्याला हे कळायचंय. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, मीही इथे पेढे वाटले. पण इनामगावला ना राजा आहे ना लढाई, म्हणून पोस्टर नाही. शाळेत त्याचं नाव येतं, रिकाम्या जागेत भरलं की संपलं. फ्लेमिंग यांचं पुस्तक १९८८चं. इनामगावचा जाडजूड अहवालही १९८८चाच, पण इंग्रजीत. चुली, रांजण, जव, दुष्काळ, सगळं त्यात आहे. जे मित्र मला वेद आणि झाड पाठवतात त्यांतले निम्मे पुण्यात राहतात. डेक्कन कॉलेज येरवड्याला आहे, तिथे संग्रहालय आहे. मी विचारलं, "कधी गेला होतास का रे?" उत्तर आलं नाही, दुसऱ्या दिवशी सुप्रभात मात्र आलं.