खाडीपाशी संपणारा महामार्ग

रेवसपासून रेडीपर्यंत जाणारा सुमारे पाचशे किलोमीटरचा सागरी महामार्ग नकाशावर सलग दिसतो. बॅ. अंतुले १९८० साली मुख्यमंत्री झाले आणि या कल्पनेने जोर धरला. त्याला चाळीस वर्षे उलटून गेली. मधल्या काळात रेवदंडा-साळावसारखे काही पूल झाले. पण आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या ठिकाणी महामार्ग धक्क्यापाशी संपतो आणि पलीकडच्या धक्क्यावर पुन्हा सुरू होतो. बाणकोटच्या खाडीत अर्धवट पुलाचे खांब वर्षानुवर्षे नुसते उभे राहिले.

पैसा नव्हता, हे नेहमीचे उत्तर. वस्तुतः याच खाड्यांच्या मुखाशी पैसा मुबलक आला. दाभोळ खाडीच्या दक्षिण तीरावर एन्रॉनचा प्रकल्प उभा राहिला, १९९९ साली चालू झाला आणि २००१ साली बंदही पडला. जयगडला १२०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आले, बंदर आले. कोळशाच्या बोटींना धक्का मिळाला. तवसाळच्या माणसाला पूल मिळाला नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत याला 'अपुरी मागणी' म्हणतात. या शब्दाने मी स्वतः अनेक वर्षे वर्गात विद्यार्थ्यांना फसविले आहे. पूल बांधण्यापूर्वी वाहनांची मोजदाद होते. परंतु जेथे पूलच नाही तेथे ट्रक वळसा घालून जातो, आजारी माणूस जातच नाही आणि मुलगी पलीकडच्या महाविद्यालयाचे नाव काढीत नाही. न झालेला प्रवास कोणत्या रकान्यात मांडायचा? मग मोजणीत आकडा लहान येतो आणि तोच लहान आकडा पूल न बांधण्याचे कारण ठरतो.

दाभोळहून गुहागरला रस्त्याने जायचे तर खेड-चिपळूणचा शंभर किलोमीटरहून अधिक वळसा पडतो. फेरीबोटीने खाडी काही मिनिटांत ओलांडता येते. ही वाहन-फेरी २००३ साली खाजगी चालकाने सुरू केली. तिची उपयुक्तता नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि महामार्ग सरकारचा आणि त्यातला पाण्याचा तुकडा मात्र तिकिटाचा, ही विभागणी कोणत्या न्यायाची? कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कूटेने सरोवरावरची फेरीबोट महामार्गाचाच भाग मानली जाते आणि तिच्यात भाडे घेत नाहीत. (तो प्रांत काही समाजवादी नंदनवन नव्हे.)

आता रस्ते विकास महामंडळाने मोठे खाडीपूल हाती घेतले आहेत. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. पण पुलाची चाहूल लागताच किनाऱ्यावरच्या जमिनी कोण विकत घेतो आणि कोण विकतो, याची गावनिहाय नोंद आपल्या कार्यकर्त्यांनी आजच सुरू करावी. फेरीबोटींवर काम करणाऱ्या खलाशांना पुलानंतर कोणता रोजगार मिळणार, हा प्रश्नही निविदेच्या वेळीच विचारावा लागेल. उद्घाटनानंतर तो ऐकायला कोणी थांबत नाही. आणि पूल होईपर्यंत फेरीचे पायी उतारूंचे भाडे सरकारने भरावे, रात्री रुग्णासाठी एक बोट सज्ज ठेवावी, एस.टी.च्या वेळा बोटीशी जुळवाव्यात. गेल्या खेपेस धोपाव्याच्या धक्क्यावर बोट लागली तेव्हा गुहागरची गाडी नुकतीच सुटली होती. मासळीची टोपली घेऊन एक म्हातारी चढणीवरून तिच्यामागे हात हलवीत राहिली.