अंगणांतील उष्णोदकाचा हौद

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आलें. त्यांचे चिरंजीव कॅनडांत टोरांटोजवळ राहतात. घरामागील अंगणांत त्यांनीं ऊन पाण्याचा हौद बसविला असून भोंवतीं गुडघाभर बर्फ असतांहि त्यांतील पाणी रात्रंदिवस ऊन असतें. बाई विचारतात, खालीं चूल नाहीं, धूर नाहीं, मग हें पाणी तापतें कसें? पत्राच्या शेवटीं, जणूं सहज म्हणून, लिहिलें आहे कीं, या हिंवाळ्यांत आम्ही उभयतां तिकडे जाणार. यजमान ७४ वर्षांचे असून त्यांस रक्तदाबाचीं औषधें चालू आहेत. त्यांनीं त्यांत बसावें काय? खरा प्रश्न हा दुसराच आहे, हें आम्ही ओळखतों. परंतु पहिल्याचें उत्तर समजल्यावांचून दुसऱ्याचें देतां येत नाहीं.

ज्यांच्या माळ्यावर तांब्याचा बंब अद्याप पडून आहे त्यांनीं तो खालीं काढून पाहावा. मध्यें उभी नळी, तिच्या तळाशीं जाळी, नळींत निखारे आणि नळीभोंवतीं पाणी. चुलीवरील हंड्यास अग्नि बाहेरून लागतो, व पुष्कळशी उष्णता कडांवरून निसटून जाते. बंबांत अग्नि पाण्याच्या पोटांतच असल्यानें ती बहुतेक पाण्यास मिळते. जपानांतील जुन्या लांकडी स्नानपात्रांत हीच युक्ति आढळते. पात्राच्या एका बाजूस धातूची नळी उभी करून तींत विस्तव घालीत, व तिच्या आकारावरून त्या पात्रास बंदुकीचें नांव पडलें होतें. त्यांचा दुसरा एक प्रकार म्हणजे चुलाण्यावर बसविलेली लोखंडी कढई. तिचा तळ पोळतो म्हणून लांकडी फळी पायांखालीं दाबून आंत बसावयाचें. १५९४ सालीं क्योतो येथें कढईंत मारल्या गेलेल्या गोएमोन नांवाच्या दरोडेखोराचें नांव त्या स्नानास चिकटलें आहे. जिप्पेन्शा इक्कु याच्या, १८०२ पासून प्रसिद्ध झालेल्या विनोदी प्रवासकथेंत फळीचें मर्म न कळलेला एक प्रवासी खडावा घालून कढईंत उतरतो आणि तिचा तळच फोडतो!

अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या लोकांनीं १९६० नंतरच्या दशकांत द्राक्षासवाचीं जुनीं लांकडी पिंपें अंगणांत मांडून त्यांत ऊन पाणी भरण्यास आरंभ केला. आजचा हौद हा त्यांचाच वंशज होय. त्याच्या पोटांत निखाऱ्यांची जागा विजेच्या कांडीनें घेतली आहे. निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची तार धातूच्या नळींत ठेवून भोंवतीं मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड घट्ट ठासतात. ही पूड मोठी गुणी आहे. ती उष्णतेस वाट देते आणि विजेस अडविते. मात्र ही कांडी स्नान करणाऱ्याजवळ नसते. हौदाच्या बाह्य आवरणाआड एक पोलादी नळी असून कांडी तिच्यांत बसविलेली असते. पंप हौदांतील पाणी ओढून गाळणींतून व त्या नळींतून नेतो, आणि तापलेलें पाणी बाजूच्या छिद्रांतून परत सोडतो. ऊन पाणी हलकें होऊन वर जातें व थंड पाणी खालीं राहतें, हा दोष या फिरत्या प्रवाहानें आपोआप टळतो. प्रवाह थांबल्यास कांडी जळून जाईल, म्हणून प्रवाह नसतांना वीज तोडणारी कळ असते. उष्णतामापक यंत्र ठराविक अंशावर कांडी बंद करतें. तें बिघडलें तर दुसरी रक्षक कळ वीज तोडते. शिवाय विजेची थोडीशी गळती झाली तरी क्षणांत प्रवाह खंडित करणारें साधन आवश्यक मानलें आहे. ओल्या माणसाशीं विजेची गांठ आहे. तेथें काटकसर नको.

आतां थोडें गणित. हौदांत १५०० लिटर पाणी धरूं. तें १५ अंशांवरून ४० अंशांवर आणावयाचें तर ३७,५०० किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे सुमारें ४४ युनिट वीज. साडेपांच किलोवॅटची कांडी यास आठ तास घेईल. आपल्या २० लिटरच्या बादलीस २५ अंशांवरून ४५ अंशांवर आणण्यास अर्धें युनिट पुरतें. एवढा खर्च रोज कोण करील? म्हणूनच हें पाणी ओतून टाकीत नाहींत. तें तसेंच ठेवून केवळ जितकी उष्णता निघून जाईल तितकी भरून काढतात. ती जाते मुख्यतः वाफेवाटे. एक लिटर पाण्याची वाफ होतांना सुमारें ५७५ किलोकॅलरी निघून जातात, म्हणजे ५७५ लिटर पाणी एका अंशानें निवतें. यास्तव त्या हौदाचें जाड झांकण हें कांडीइतकेंच महत्त्वाचें अंग आहे. तें कुलूप लावण्याजोगें असावें, कारण घरांत लहान नातवंडें असतील.

पाणी ओतीत नाहींत हें वाचून कित्येक आजीबाई नाक मुरडतील. शिळें पाणी, तेंहि सर्वांनीं बसून उष्टें केलेलें! आमच्या मतें त्यांची शंका अगदींच अनाठायीं नाहीं. जपानी मनुष्य प्रथम बाहेर अंग धुवून मग पात्रांत उतरतो, तोच परिपाठ येथेंहि ठेवावा. कोमट पाण्यांत लेजिओनेला नांवाचा जंतु वाढतो व उडणाऱ्या तुषारांतून फुप्फुसांत शिरतो. १९९९ सालीं नेदर्लंड्समधील बोवेनकार्स्पेल येथील पुष्पप्रदर्शनांत केवळ दाखविण्यासाठीं मांडलेल्या अशा हौदांतून हा रोग पसरून कमींत कमी ३२ माणसें दगावलीं. पैकीं बहुतेकांनीं त्या पाण्यांत बोटहि घातलें नसेल. तेव्हां क्लोरीन किंवा ब्रोमीन यांचें प्रमाण नियमानें तपासलें जातें काय, हें चिरंजिवांस विचारावें. धुराची मात्र तेथें भीति नाहीं. आपल्याकडे बंद न्हाणीघरांत पेटविलेला बंब किंवा गॅसचा गीझर कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायु सोडतो व माणूस नकळत मरतो. या एका बाबतींत अंगण बरें.

आतां यजमानांविषयीं. चरकानें स्वेदाचे तेरा प्रकार सांगितले असून ऊन द्रवांत बसणें, म्हणजे अवगाह, हा त्यांपैकीं एक होय. परंतु स्वेद कोणास देऊं नये याचीहि यादी त्यानें दिली आहे, आणि तींत गर्भिणी व नित्य मद्य घेणारा हे दोघेहि आहेत. यादी करण्याची ही बुद्धि आजहि योग्यच. ४० अंशांच्या पाण्यांत घाम वाळत नाहीं, म्हणून शरीराची उष्णता बाहेर पडूं शकत नाहीं. त्वचेंतील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि रक्तदाब उतरतो. औषधांनीं तो आधींच उतरविलेला असेल, तर एकाएकीं उठतांना डोळ्यांपुढें अंधेरी येऊन मनुष्य पडेल, कदाचित् पाण्यांतच. उलट बाहेर येतांच हिमासारखा वारा लागून रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व दाब चढतो. हृदयास हा झोंका वृद्धपणीं सोसवेलच असें नाहीं.

म्हणून प्रयाणापूर्वीं सर्व औषधांची यादी घेऊन आपल्या वैद्यांस स्पष्ट विचारावें, व ते नको म्हणतील तर नातवाच्या आग्रहासहि बळी पडूं नये. त्यांनीं अनुज्ञा दिली तर ४० अंश नव्हेत, ३७ किंवा ३८. आणि तेंहि हौदावरील आंकड्यावर न विसंबतां वेगळ्या उष्णतामापकानें पाहून. प्रथम काठावर बसून पाय सोडावे. आंत दहा मिनिटांहून अधिक राहूं नये. शेजारीं घरचें मोठें माणूस असावें, मद्य मुळींच नसावें, आणि निघतांना कठडा धरून सावकाश उठावें. पंचा व उबदार शाल हाताशीं ठेवावी. हौदापासून दारापर्यंतच्या पायऱ्यांवर सांडलेलें पाणी गोठून कांचेसारखें होतें. तेथें रबराची खडबडीत चटई आधींच घालून ठेवण्यास चिरंजिवांस आजच लिहावें.