काही न करणारी आज्ञा

विज्ञान-तंत्रज्ञानात जुने झाले की टाकून द्यायचे असते, असा एक समज आहे. तो किती अपुरा आहे, हे संगणकाच्या जगातील एका लहानशा आज्ञेवरून दिसते. तिचे नाव ‘डीटॅच’.

आपण वाचतो ते वेब पान संगणकाच्या लेखी एक झाड असते. शीर्षके, परिच्छेद, चित्रे या त्याच्या फांद्या. अशा प्रत्येक घटकाला ‘नोड’ म्हणतात. हे नोड क्रमाने एकेक पाहत जाण्याचे साधन म्हणजे ‘नोड इटरेटर’. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००० साली त्याचे नियम प्रसिद्ध केले.

आता अडचण पाहा. पाहणी चालू असतानाच इटरेटर उभा आहे तो नोड कोणी काढून टाकला तर? इटरेटरला योग्य जागी सरकवावे लागणार. त्यासाठी प्रत्येक इटरेटरची नोंद ठेवणे आले. काम संपल्यावर ‘डीटॅच’ म्हटले, की ही जबाबदारी संपे. शाळा सोडलेल्या मुलाचे नाव पटावरून कमी करावे, तसेच हे.

आज ही आवराआवर ब्राउझर स्वतःच करतो. त्यामुळे डीटॅचची गरज उरलेली नाही. तरीही ती नियमांतून काढलेली नाही. ती काहीही करत नाही, केवळ जुन्या प्रोग्रॅमांसाठी ठेवली आहे, असे नियमांतच नमूद आहे.

ही निव्वळ अडगळ आहे, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. अस्तित्वात नसलेली आज्ञा आली, की जावास्क्रिप्ट चूक दाखवते आणि प्रोग्रॅम सहसा तेथेच थांबतो. म्हणजे त्या वेळचे नियम पाळून लिहिलेले पान विनाकारण बिघडणार. ते दुरुस्त करायला मूळ लेखक हजर असेलच असे नाही. त्यापुढे एका रिकाम्या आज्ञेचा भार तो केवढा!

विद्युतप्रवाहाची दिशा आपण धन टोकाकडून ऋण टोकाकडे मानतो. तारेतील इलेक्ट्रॉन उलट दिशेने सरकतात हे कळल्यावरही आपण तो संकेत बदलला नाही. असंख्य आकृत्या आणि नियम त्यावर उभे आहेत, आणि त्यांची उत्तरे बरोबर येतात.

तेव्हा नव्या प्रोग्रॅममध्ये डीटॅच लिहू नका. पण जुन्यात दिसली तर हसूही नका. उद्या तुमच्यापैकी कोणी असे नियम ठरवील. जुना नियम खोडण्यापूर्वी त्याच्या आधाराने कोण उभे आहे, हे त्याने आधी पाहावे.