ग्रंथपालाचें भाडें कोणी द्यावें?

गांवच्या वाचनालयाचा ग्रंथपाल अधिवेशनास निघाला, कीं कमिटींत दोन प्रश्न हटकून निघतात. कपाटाची किल्ली कोणाकडे, आणि भाडें कोणाचें? पहिल्याचें उत्तर लगेच मिळतें. दुसरा निघाला म्हणजे सभासद छपराकडे पाहूं लागतात. आमचें मत स्पष्ट आहे : भाडें गांवानें द्यावें, आणि उपकार म्हणून देऊं नये.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, हिशोब पाहा. २०२२ सालीं महाराष्ट्र सरकारनें ग्रंथालयांचें अनुदान शेंकडा साठ वाढविण्याचें ठरविलें, तेव्हां सर्वांत खालच्या 'ड' वर्गाच्या वाचनालयास वर्षाला ३०,००० चे ४८,००० रुपये झाले. म्हणजे महिन्यास चार हजार ! एवढ्यांत वर्तमानपत्रें, पुस्तकें, दिवाबत्ती आणि ग्रंथपालाचा पगारहि. अशा माणसानें पदरमोड करून शहर गांठावें म्हणजे पोरांच्या तोंडचा घास काढावा.

कोणी म्हणेल, जाऊन मिळतें काय? पुस्तकें द्यावयाचीं नि घ्यावयाचीं, त्यांत शिकण्यासारखें काय आहे? आमच्या कपाटांत पूर्वी पुस्तकें उंचीप्रमाणें लावलेलीं असत. जनावरांच्या रोगांवरचें पुस्तक पुराणाच्या पोथीमागें सांपडे, तेंहि बैल दगावल्यावर. अमेरिकेंतील मेल्विल ड्यूई यानें १८७६ सालीं विषयवार आंकड्यांची पद्धत छापली. तींत शेतीस ६३०, पाळीव जनावरांस ६३६, लोहारकामास ६८२. हे आंकडे पाठ करावे लागत नाहींत. पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी डकविली कीं झालें. त्याच वर्षीं फिलाडेल्फियास तिकडील ग्रंथपाल एकत्र जमले. १०३ जण होते, त्यांत बाया १३. ग्रंथपालानें ग्रंथपालाला विचारून शहाणें व्हावें, ही चाल तेव्हांपासूनची. कलकत्त्याचें राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून वाचनालयांस पुस्तकांसाठीं साहाय्य देतें, हेंहि कित्येक खेड्यांतल्या ग्रंथपालांस अशा ठिकाणींच प्रथम कळतें.

आतां अधिवेशनवाल्यांसहि दोन शब्द. मी शाळामास्तर, संध्याकाळीं वाचनालय उघडतों, त्या नात्यानें अशा एका अधिवेशनास गेलों होतों. सकाळ हारतुऱ्यांत गेली. व्यासपीठावर अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, उद्घाटक असे नऊ जण. त्यांत कपाटाची धूळ झाडणारा एकहि नाहीं. दुपारीं खेड्यांतील ग्रंथपालांसाठीं अर्धा तास ठेवला होता, तो पाहुण्यांच्या लांबलेल्या भाषणांत बुडाला. खरें अधिवेशन भरलें तें जेवणाच्या पंगतींत. शेजारीं मराठवाड्यांतील एक बाई होत्या. त्यांच्या गांवचीं निम्मीं घरें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. त्या प्रत्येक टोळीबरोबर एक पत्र्याची पेटी देतात, तींत पोरांचीं वीस पुस्तकें.

"हरवत नाहींत का?" मीं विचारलें.

"गेल्या सालीं दोन हरवलीं," बाई म्हणाल्या, "पण मास्तर, कपाटांत राहिलेल्यांना वाळवी लागली तीं नऊ."

श्रीमंत सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं अमेरिकेहून बॉर्डन नांवाचा ग्रंथपाल आणवून बडोदें संस्थानांत ग्रंथालयांची उभारणी केली, तेव्हां खेडोपाडीं अशाच पुस्तकांच्या पेट्या फिरत होत्या. बाईंनीं बडोद्याचें नांव काढलें नाहीं; गरजेनें त्यांना तीच वाट दाखविली. ही गोष्ट व्यासपीठावरून सांगितली गेली असती, तर शंभर गांवांत पेट्या निघाल्या असत्या. ती सांगावयास बाईंना पांच मिनिटेंहि मिळालीं नाहींत; आणि संध्याकाळीं निरोपाच्या वेळीं त्या बसभाड्याची चिल्लर मोजीत उभ्या होत्या.

तेव्हां चालकांनीं पहिली सकाळ 'ड' वर्गाच्या ग्रंथपालांस द्यावी. हारतुरे दुपारीं, ज्यांना थांबावयाचें त्यांच्यासाठीं. आणि गांवकऱ्यांनीं येत्या सभेंत ठराव करावा : ग्रंथपालाचें जाण्यायेण्याचें भाडें व दोन दिवसांचा खर्च गांवचा, त्या दोन दिवसांचा पगार कापावयाचा नाहीं. जाण्यापूर्वीं वाचकांनीं आपल्या अडचणी कागदावर लिहून द्याव्या. परत आल्यावर त्यानें पारावर बसून काय ऐकलें तें सांगावें, आणि न समजलेलें लोकांनीं खोदून विचारावें. ग्रंथपाल बाई असल्यास सोबतिणीचें भाडेंहि त्याच ठरावांत घालावें.