पोलंडच्या घोडदळाची कैफियत

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की पोलंडच्या घोडेस्वारांनी भाले उगारून जर्मन रणगाड्यांवर चाल केली ही कथा हटकून सांगितली जाते, आणि ऐकणारा त्या शौर्याला वंदन करता करता त्या अडाणीपणाची कीवही करून घेतो. ही कथा खोटी आहे, आणि तिने एका पराभूत राष्ट्रावर केलेला अन्याय अजून दूर झालेला नाही.

१ सप्टेंबर १९३९ रोजी क्रोयांती गावाजवळ कर्नल मास्तालेश यांच्या उलान, म्हणजे घोडेस्वारांच्या, पलटणीने जो हल्ला केला, तो जर्मन पायदळावर होता. तो सफल होऊ लागला असतानाच अकस्मात आलेल्या चिलखती गाड्यांच्या मशीनगनांनी स्वारांना टिपले, कर्नल स्वतः धारातीर्थी पडले, आणि मागाहून ते रणांगण पाहावयास नेलेल्या इटालियन वार्ताहरांनी भाल्यांची आख्यायिका जगभर पोहोचवली. परंतु त्याच दिवशी चेन्स्तोहोवा शहराजवळच्या मोक्रा खेड्यापाशी कर्नल फिलिपोविच यांच्या वोल्हिनियन घोडदळ ब्रिगेडने घोडी मागे ठेवून, पायउतार होऊन, जर्मनांच्या चौथ्या पॅन्झर डिव्हिजनला दिवसभर थोपवून धरले, आणि तिचे कित्येक रणगाडे जायबंदी केले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

तेथे त्यांच्या हाती होती ती स्वीडनच्या बोफोर्स कारखान्याची सदतीस मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ. (१९८६ च्या करारामुळे आणि पुढे कारगिलमुळे आपल्या परिचयाचे झालेले नाव ते हेच.) वजन चारशे किलोंहून कमी, घोड्यांनी ओढावी, आणि प्रसंगी मूठभर शिपायांनी हातांनी ढकलून झुडपाआड दडवावी, इतकी ती आटोपशीर, आणि त्या वेळच्या बहुसंख्य जर्मन रणगाड्यांचे चिलखत पंधरा मिलिमीटरच्या आसपासच असल्यामुळे तिचा गोळा ते सहज भेदीत असे. पोलंडने तिचा परवाना मिळवून वॉर्साजवळील प्रुश्कुव येथे ती स्वतः घडविली, आणि युद्ध सुरू झाले तेव्हा अशा सुमारे १२०० तोफा त्याच्या फौजेजवळ होत्या. ज्यांनी रणगाड्यांचा धोका ओळखून इतकी तजवीज केली, त्यांना अडाणी कोणत्या न्यायाने म्हणावे?

हीच तोफ फिनलंडनेही घेतली होती, आणि १९३९-४० च्या हिवाळी युद्धात सोव्हिएत रणगाड्यांविरुद्ध ती वापरणाऱ्या फिन शिपायांचे साऱ्या जगाने कौतुक केले, जे सर्वथा योग्यच होते. डेन्मार्कच्या तुकड्यांनी जर्मन आक्रमणाच्या दिवशी, ९ एप्रिल १९४० च्या पहाटे, तीच चालविली. फ्रान्समध्ये आपला तोफखाना गमावून बसलेल्या ब्रिटिशांनी आफ्रिकेच्या वाळवंटात सुदानसाठी मागविलेल्या त्याच तोफांवर काही काळ निभावून नेले. शस्त्र एकच असता एकाच्या वाट्याला कीर्ती आणि दुसऱ्याच्या वाट्याला उपहास आला, याचे कारण शिपायांच्या बुद्धीत शोधणे व्यर्थ होय. फिनलंडला अरण्य, बर्फ आणि अरुंद वाटा यांचे साहाय्य लाभले. पोलंडचा मुलूख सपाट, जर्मन सैन्य तीन बाजूंनी आत शिरलेले, आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजांनीही सरहद्द ओलांडली. अशा वेढ्यात कोणती तोफ पुरी पडली असती?

त्या तोफेचे दिवसही थोडेच होते. जर्मनांनी पोलंडमध्ये हस्तगत केलेल्या तोफांपैकी शेकडो रुमानियाला मिळाल्या, आणि १९४२ च्या नोव्हेंबरात डॉन नदीच्या आघाडीवर सोव्हिएत टी-३४ रणगाडे चालून आले तेव्हा त्यांच्या जाड, उतरत्या चिलखतापुढे असल्या सदतीस मिलिमीटरच्या तोफा हतबल ठरल्या. तीन वर्षांत एक उत्तम शस्त्र कालबाह्य झाले. तरी १९३९ साली ते उत्तम होते, हे सत्य त्यामुळे बदलत नाही.

या कैफियतीशी महाराष्ट्राचा संबंध दूरचा नाही. वोल्हिनिया ज्या पूर्व पोलंडात मोडे, तेथूनच सोव्हिएत सत्तेने हद्दपार केलेल्या कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार पोलिश स्त्रिया, मुले आणि वृद्ध १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे आपल्या शेजारी राहिले. त्यांच्यापैकी अनेकांचे वडील, पती आणि भाऊ पोलिश फौजेत लढले होते. त्या शेजाऱ्यांच्या माणसांविषयी बोलताना आपल्या शाळांतून आणि वृत्तपत्रांतून क्रोयांतीची आख्यायिका मागे पडावी आणि मोक्राची लढाई सांगितली जावी, एवढीच माझी मागणी आहे.